एकाच भुलीत सगळं?

प्रश्न : आईचं वजन 112 किलो, पित्ताशयात खडे, बेंबीपाशी हर्निया. वजनाच्या ऑपरेशनसोबतच सगळं उरकेल का? – एक वाचक, पोहरादेवी (जि. वाशीम)

उत्तर : खड्यांमुळे पोट दुखत असेल, तर पित्ताशय त्याच वेळी दुर्बिणीतून काढता येतं. हर्नियाचं तसं नाही. जठर कापून स्टेपल करताना जंतुसंसर्गाची भीती असते. तिथं हर्नियाचं छिद्र झाकणारी जाळी बसवायला मी कचरतो. छिद्र लहान असेल तर टाके पुरतात, मोठं असेल तर वजन उतरल्यावर पाहावं. मात्र आतडं अडकत असेल तर थांबू नये. लोंबती कातडी काढणं वजन स्थिरावल्यावरच. ऑपरेशन लांबलं की पायात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणून ‘गावच्या रामनवमीच्या यात्रेआधी एकदाच उरका’ हा हट्ट नको. आणि नंतर आयुष्यभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या व तपासण्या लागतात, हे आईला आधीच सांगा.