ओलिताची मोटार आणि लाईनची ये-जा


आपल्या उमरखेड-महागाव भागात मोटार जळाली की "लाईन गेली अन् मोटार गेली" असे म्हणण्याची पद्धत आहे. खरे पाहता लाईन जाण्याने मोटारीचे काही बिघडत नाही, ती थांबते एवढेच. घात होतो तो व्होल्टेज अर्धवट राहते तेव्हा आणि गेलेली लाईन परत येते तेव्हा.

तीन फेजची मोटार ४१५ व्होल्टसाठी बांधलेली असते. व्होल्टेज उतरले की मोटारीचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. म्हणजे ४१५ चे ३०० झाले तर जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. अशा वेळी बटन दाबले तर मोटार पाणी उचलत नाही, नुसती घुमते. घुमणारी मोटार नेहमीच्या चौपट करंट ओढत असेल तर वायंडिंगमध्ये उष्णता सोळापट होते. मग तांब्यावरचे आवरण करपायला वेळ तो किती लागणार?

आता आपल्या डीपीचा हिशेब करू. ६३ केव्हीएची डीपी साधारण ८५ अँपिअर देऊ शकते. ५ एचपीची मोटार चालताना सुमारे साडेसात अँपिअर घेते, म्हणजे दहा मोटारींचे झाले ७५. काही अडचण नाही. पण सुरू होताना हीच मोटार सुमारे सहापट, म्हणजे ४५ अँपिअर मागते. दहाही मोटारींना ऑटो लावलेला असेल तर लाईन येताच डीपीकडे ४५० अँपिअरची मागणी एकदम होते. डीपीला ते झेपत नाही, व्होल्टेज कोसळते, एकही मोटार नीट उचलत नाही आणि दहाही घुमत राहतात. एकतर फ्यूज उडतो, नाहीतर कुणाची मोटार जळते, नाहीतर डीपीच जाते. एप्रिल-मे महिन्यात डीपी गेली की दहाही जणांच्या खोडव्याची पाण्याची पाळी चुकते. ऑटो एकाचा, भोग सगळ्यांचा.

महावितरण ऑटो काढून कॅपॅसिटर बसवा असे वारंवार सांगते ते याचसाठी. (२००५ साली वीज मंडळाची विभागणी झाली, तरी आपण अजून "बोर्डाची लाईन"च म्हणतो.) पण शेतकऱ्याने ऑटो हौसेने लावलेला नाही. पाळीची वीज रात्री येते, वावरात साप, रानडुकरे. २०१८ साली आपल्याच जिल्ह्यात, पांढरकवडा-राळेगाव भागात, वाघिणीच्या दहशतीने माणसे अंधारात घराबाहेर पडत नव्हती. तेव्हा ऑटो काढायचा नसेल तर निदान त्याला उशीर लावा.

साखर कारखान्यात हेच करतात. पॉवर हाऊसची लाईन क्षणभर जरी गेली तरी परत आल्यावर सगळी बटने एकदम दाबत नाहीत. आधी बॉयलरला पाणी देणारा पंप, मग पंखे, आणि गाळपाच्या मोठ्या मोटारी सर्वांत शेवटी. डीपीवरही असाच क्रम ठरवता येतो. उशिराची सोय असलेला ऑटो घ्या. पहिल्याची मोटार लाईन आल्यावर २ मिनिटांनी, दुसऱ्याची अडीच मिनिटांनी, अशी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने लावली तर साडेसहा मिनिटांत दहाही सुरू. आपला नंबर स्टार्टरच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवावा. एकाने जरी "माझी आधी" म्हटले तरी क्रम मोडतो, म्हणून हे डीपीवरच्या सर्वांनी बसूनच ठरवावे लागेल.

पहिली २ मिनिटे मात्र कुणीही सोडू नयेत. तारांना फांदी लागली की लाईन डोळ्याची पापणी लवेपर्यंत जाते आणि येते. तेवढ्यात मोटार थांबलेली नसते. तिच्यात स्वतःचे थोडे व्होल्टेज शिल्लक असते. त्याचा आणि लाईनचा मेळ बसला नाही तर जबर हिसका बसतो, कधी कपलिंग तुटते. बोअरच्या मोटारीचे आणखी वेगळे. पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल किंवा गळका असेल तर वरचे पाणी खाली पडताना पंप उलटा फिरतो. उलट्या फिरत्या पंपाला लाईन मिळाली तर शाफ्ट पिळवटतो.

हिरव्या बटनात काडी खोचून ठेवण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती ऑटोपेक्षा वाईट. लाईन गेली किंवा फार उतरली की नो-व्होल्ट कॉईल स्टार्टर सोडते आणि मोटार वाचवते. काडीने तिचे अर्धे काम वाया जाते, कारण लाईन येताच स्टार्टर पुन्हा लागतो. ओव्हरलोड रिलेचा काटाही मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवावा. "सारखी ट्रिप होते" म्हणून तो वर सरकवला की मोटारीला राखणदार उरत नाही.

५ एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर पुरतो. तो स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडून घ्यावा, म्हणजे मोटारीबरोबरच तोही बंद होईल. लाईन बंद केल्यावरही त्यात काही वेळ वीज राहते, तेव्हा लगेच हात घालू नये.