इग्वानाच्या पिल्लाची जोपासना : निवारा, प्रकाश आणि आहार

सरडा व घोरपड हे प्राणी आपल्या ग्रामीण जनतेच्या चांगल्या परिचयाचे आहेत. हिरवा इग्वाना हा मात्र परदेशी प्राणी होय. मेक्सिकोपासून दक्षिण ब्राझील व पॅराग्वेपर्यंतच्या उष्ण प्रदेशांत, विशेषतः नदीकाठच्या उंच झाडांवर त्याचा वास असतो. अलीकडे भारतातील शहरांत तो हौसेने पाळला जातो आणि सिल्वासासारख्या वाढत्या शहरातील एखाद्या घरीही तो आल्यास नवल नाही.

अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू जेमतेम वीतभर लांबीचे असते. पूर्ण वाढ झालेला इग्वाना मात्र शेपटीसह दीड मीटरपर्यंत व क्वचित त्याहूनही लांब होतो. योग्य संगोपन झाल्यास तो पंधरा ते वीस वर्षे जगू शकतो. प्रत्यक्षात पाळलेली अनेक पिल्ले फार लवकर दगावतात. याचे कारण बहुधा साथीचा रोग नसून ऊन आणि योग्य पाला या दोन साध्या गोष्टींची उणीव हे असते.

घोरपड आणि इग्वाना

रूपसाधर्म्यामुळे इग्वानाला घोरपडीप्रमाणे अंडी, मांस किंवा किडे खाऊ घातले जातात. ही मोठी चूक होय. घोरपड मांसाहारी आहे, तर इग्वाना पिल्लू असल्यापासून शाकाहारी असतो. त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव पाल्याचे पचन घडवून आणतात. प्राणिज प्रथिनांचा मारा झाल्यास त्याची मूत्रपिंडे निकामी होतात व सांध्यांत क्षार साचतात.

कायद्याच्या दृष्टीनेही दोहोंत भेद आहे. घोरपड वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये असल्याने ती पकडणे, मारणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. त्यासाठी किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. इग्वानाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७७ पासून नियंत्रण आहे. अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्यावर असे परदेशी प्राणी अनुसूची चारमध्ये आले. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत 'परिवेश २.०' या शासकीय संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. जन्म, मृत्यू व हस्तांतरण यांचीही माहिती देणे बंधनकारक आहे.

निवारा

इग्वाना वृक्षवासी असल्याने पिंजरा लांबीइतकाच उंचही असावा. पिल्लासाठी सुमारे १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व १२० सेंटिमीटर उंच पिंजरा पुरेसा ठरतो. पूर्ण वाढीच्या इग्वानाला मात्र छोट्या खोलीएवढी जागा लागते, याचा विचार आधीच करावा. आत पिल्लाच्या अंगाइतक्या जाडीच्या मजबूत फांद्या तिरप्या बसवाव्यात. तळाशी वर्तमानपत्राचा कागद अंथरून तो रोज बदलावा. वाळू किंवा भुसा पोटात गेल्यास आतडे तुंबते, म्हणून ते वापरू नयेत. पिल्लाला शेपटीने कधीही धरू नये, कारण ती सहज तुटते.

इग्वाना शीतरक्ताचा प्राणी आहे, म्हणजे त्याच्या शरीराची ऊब बाहेरून मिळते. वरच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश सेल्सिअस, खाली २६ ते ३० अंश व रात्री सुमारे २४ अंश तापमान असावे. त्यामुळे पिल्लाला गरजेप्रमाणे जागा बदलता येते. तापमापक लावल्याशिवाय अंदाजावर विसंबू नये. उबेचा दिवा जाळीबाहेर, पिल्लाचा स्पर्श होणार नाही असा टांगावा. थंडीच्या रात्री वीज गेल्यास गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावी.

प्रकाश

सूर्यप्रकाशातील २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील 'ब' किरण त्वचेवर पडले म्हणजे तेथे ड जीवनसत्त्व तयार होण्यास आरंभ होतो. या जीवनसत्त्वाशिवाय आहारातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषले जात नाही. कॅल्शियम कमी पडू लागले की शरीर ते हाडांतून काढून घेते आणि हाडे मऊ पडतात. मुलांतील मुडदूस रोगाशी याचे साम्य आहे.

साधा विजेचा दिवा ऊब व उजेड देतो, पण हे किरण देत नाही. खिडकीच्या काचेतूनही ते आत येत नाहीत. त्यामुळे काचेमागील कोवळ्या उन्हात बसविलेले पिल्लू उबदार राहते, पण त्याची मूळ गरज भागत नाही.

सिल्वासा परिसरात ऑक्टोबरपासून मेपर्यंत भरपूर ऊन असते. या काळात पिल्लास तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून सकाळी वीस ते तीस मिनिटे बाहेर आणावे. पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत असावा व मांजर, कावळा, घार यांपासून राखण करावी. काचेची पेटी उन्हात कदापि ठेवू नये. ती काही मिनिटांतच तापून प्राणी मरतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दमणगंगेच्या खोऱ्यावर ढगांचे आच्छादन असते. त्या वेळी सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा अतिनील 'ब' किरणांचा खास दिवा आवश्यक ठरतो. तो पिल्लाच्या बसण्याच्या जागेपासून साधारण २० ते ३० सेंटिमीटरवर, उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे लावून रोज १२ तास चालू ठेवावा. दिव्याचा उजेड तसाच दिसत असला तरी किरण हळूहळू क्षीण होतात. म्हणून सहा ते बारा महिन्यांनी दिवा बदलावा.

आहार

आहाराचा मुख्य भाग हिरवा पाला असावा. त्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट असणे इष्ट होय. या बाबतीत आपल्या परसातील झाडे फार उपयुक्त आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांनुसार शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात सुमारे ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम व ७० मिलिग्रॅम फॉस्फरस असते. हदग्याच्या पाल्यात तर कॅल्शियम याहूनही अधिक आढळते. जास्वंदीची पाने व फुले, तुतीची पाने आणि लसूणघासही द्यावा. एकच पाला रोज न देता आलटून पालटून द्यावा. जोडीस थोडा किसलेला लाल भोपळा व फरसबी चालते. पपई, आंबा अशी फळे एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावीत.

पालक, राजगिरा व अळू यांतील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून ते टाळावेत. कोबी क्वचितच द्यावी. भात, भाकरी, बिस्किटे व दूध देऊ नये. कण्हेर, धोतरा व रुई ही विषारी झुडपे पिंजऱ्याजवळ नसावीत. बाजारातील भाजीवर कीटकनाशक असू शकते, म्हणून ती नीट धुऊन घ्यावी.

पिल्लास रोज सकाळी, अंग उबल्यानंतर, बारीक चिरलेला पाला द्यावा. अंग गार असताना पचन होत नाही. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने फॉस्फरसविरहित कॅल्शियमची पूड पाल्यावर भुरभुरावी. उथळ भांड्यात ताजे पाणी ठेवावे व कोरड्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पिंजऱ्यात पाणी फवारावे.

रोगाची लक्षणे

बोटे किंवा पाय थरथरणे, जबडा मऊ लागणे, चढताना घसरणे ही हाडे ठिसूळ होत असल्याची चिन्हे आहेत. पाय सुजून गुबगुबीत दिसतात, तेव्हा पिल्लू धष्टपुष्ट झाले असा पालकाचा गैरसमज होतो. अशा वेळी विलंब न करता पशुवैद्यकाकडे जावे. आरंभी उपचार झाल्यास प्राणी वाचू शकतो. निरोगी इग्वानाच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जंतू पसरतात. म्हणून हाताळल्यानंतर हात साबणाने धुवावेत, पिंजऱ्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांस त्याच्यापासून दूर ठेवावे.

सांभाळणे अशक्य झाले तरी इग्वाना रानात सोडू नये. फ्लोरिडा, प्वेर्तो रिको व फिजी येथे सुटलेल्या इग्वानांची संख्या वाढून पिकांना व स्थानिक वनस्पतींना उपद्रव झाला आहे. अशा वेळी वन विभागास कळवावे. पंधरा वर्षे रोज ताजा पाला, ऊन व ऊब पुरविण्याची तयारी असेल त्यानेच हे पिल्लू घरी आणावे. तशी तयारी नसल्यास न आणणे हेच त्या मुक्या जीवाच्या हिताचे आहे.