दुसऱ्या फळीचे बळ
चीनचे टेबल टेनिस आणि आपण

विद्यार्थीमित्रहो, एखाद्या खेळात एखादे राष्ट्र एकदा अजिंक्य ठरले, तर त्याचे श्रेय आपण त्याच्या एखाद्या असामान्य खेळाडूस देतो, आणि ते बहुधा योग्यही असते. परंतु तेच राष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या अग्रस्थानी राहिले, जुने खेळाडू गेले, नवे आले, खेळाचे नियम बदलले, तरीही त्याचे स्थान ढळले नाही, तर त्याचे कारण एका व्यक्तीच्या ठायी सापडावयाचे नाही. ते अन्यत्र शोधले पाहिजे. टेबल टेनिस ह्या खेळातील चीन देशाचे वर्चस्व हे ह्याचे ठळक उदाहरण होय. आशागडसारख्या गावातील मुलांस हा खेळ कबड्डी किंवा क्रिकेट ह्यांच्याइतका परिचित नसेल. तथापि त्याच्या इतिहासातून मिळणारा धडा आपणांपैकी प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम काही आकडे पाहू. ऑलिंपिक क्रीडामहोत्सवात टेबल टेनिसचा समावेश १९८८ साली झाला. तेव्हापासून २०२४ च्या पॅरिस येथील महोत्सवापर्यंत ह्या खेळाची एकंदर ४२ सुवर्णपदके दिली गेली. त्यांपैकी ३७ चीनने मिळविली. स्त्रियांच्या एकेरीचे सुवर्णपदक दहाच्या दहा वेळा चिनी खेळाडूनेच जिंकले. २००८ साली बीजिंग येथे तर पुरुष व स्त्रिया ह्या दोन्ही एकेरींतील सुवर्ण, रौप्य व कांस्य अशी सर्व सहा पदके चीनकडेच गेली. पुढील ऑलिंपिकपासून एका देशाचे दोनच खेळाडू एकेरीत उतरू शकतील, असा नियम लागू झाला. म्हणजे एका देशाचा तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडूही इतर सर्व जगास जड जातो, हे नियम करणाऱ्यांच्याही ध्यानी आले होते. आमच्या मते चीनच्या सामर्थ्याची खरी खूण ह्या तिसऱ्या खेळाडूतच आहे.

हे सामर्थ्य काही प्राचीन काळापासून चालत आलेले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या खेळावर युरोपचे, विशेषतः हंगेरीचे, राज्य होते. ते प्रथम डळमळले ते आपल्याच मुंबईत. १९५२ साली जागतिक अजिंक्यपदाचे सामने मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियममध्ये झाले. आशिया खंडात ते भरण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांत हिरोजी सातो नावाचा एक जपानी खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. जुन्या बॅटीवर चेंडू आदळला की टक्‌ असा आवाज होई आणि त्यावरून प्रतिस्पर्ध्यास फटक्याचा अंदाज येई. सातोच्या बॅटीचा आवाज जवळजवळ होतच नसे, आणि चेंडू मात्र अनपेक्षित वेगाने परत येई. युरोपचे नामांकित खेळाडू गोंधळून गेले; सातो जगज्जेता झाला आणि जपानने सातांपैकी चार अजिंक्यपदे पटकाविली. परंतु सातोला ते पद पुन्हा कधी मिळाले नाही. साधनातील नावीन्य इतरांच्या परिचयाचे झाले की त्याचा प्रभाव ओसरतो. पुढील काही वर्षे जपान अग्रभागी राहिला तो सातोच्या स्पंजमुळे नव्हे, तर त्याच्या पाठीमागून ओगिमुरा, तानाका ह्यांच्यासारखे खेळाडू तयार झाले म्हणून.

जपानची ही जागा पुढे चीनने घेतली. १९५३ साली चिनी संघ जागतिक सामन्यांत प्रथम उतरला, तेव्हा त्याची विशेष दखल कोणी घेतली नाही. १९५९ साली डॉर्टमुंड येथे रोंग ग्वोत्वान हा पुरुषांच्या एकेरीत विजयी झाला. कोणत्याही खेळात जगज्जेता ठरलेला तो पहिला चिनी खेळाडू. १९६१ साली बीजिंग येथेच सामने झाले आणि चीनने जपानी संघाचा पराभव करून सांघिक विजेतेपद मिळविले. त्या विजयामागील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जपानी खेळाडूंनी चेंडूस प्रचंड फिरकी देणारा एक नवा फटका तयार केला आहे, अशी वार्ता सामन्यांपूर्वी चीनमध्ये पोहोचली. तेव्हा चिनी संघातील काही खेळाडूंनी स्वतःची खेळण्याची पद्धत बाजूस ठेवली, त्या जपानी फटक्याचा अभ्यास केला, आणि आपल्या प्रमुख खेळाडूंसमोर दिवसेंदिवस तोच फटका मारून त्यांचा सराव करून घेतला. जे जिंकले त्यांची नावे पदकांच्या यादीत आहेत. ज्यांनी त्यांस तयार केले त्यांची तेथे नाहीत.

येथे ह्या खेळाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. टेबल अवघे २.७४ मीटर लांब, चेंडू २.७ ग्रॅम वजनाचा, आणि समोरून आलेला फटका परतविण्यास मिळणारा अवधी सेकंदाच्या अंशाइतका. एवढ्या वेळात विचार करून उत्तर देणे शक्य नसते. हाताला व डोळ्यांना ते आधीच ठाऊक असावे लागते. ते ठाऊक होते फक्त सरावाने, आणि सराव एकट्याने होत नाही. टाळी एका हाताने वाजत नाही, म्हणतात ना, तसेच हे आहे. समोरचा जोडीदार जितका चांगला, तितका आपला सराव चांगला. आता ज्या देशात उत्तम खेळाडू दोनच आहेत, तेथे त्या दोघांस रोज एकमेकांशीच खेळावे लागते. जेथे ते पन्नास आहेत, कोणी उजवा, कोणी डावरा, कोणी दूर उभा राहून चेंडू कापणारा, कोणी टेबलाजवळून हल्ला चढविणारा, तेथे जगातील कोणत्याही प्रतिस्पर्ध्याची ओळख घरातच होऊन जाते.

अशी फळी उभी करण्यासाठी चीनने पायऱ्यापायऱ्यांची योजना केली. शाळांच्या पटांगणांत व बागांत उघड्यावर टिकणारी काँक्रीटची टेबले बसविली गेली. मुले तेथे सहज खेळू लागली. त्यांतून निवडलेल्यांस क्रीडाशाळांत शिक्षण, तेथून प्रांताच्या संघात, प्रांतातून राष्ट्राच्या दुसऱ्या संघात आणि मग पहिल्या संघात, असा हा क्रम आहे. आमच्या डहाणू-घोलवडकडील चिकूच्या वाड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांस हे लवकर समजेल. चिकूचे कलम रायणीच्या खुंटावर बांधतात. फळ चिकूचे म्हणून बाजारात जाते. परंतु जमिनीत घट्ट रोवलेले मूळ रायणीचे असते.

कोणी म्हणेल, चीनची लोकसंख्याच अफाट, तेव्हा खेळाडू पुष्कळ असावयाचेच. हे म्हणणे टिकणारे नाही. लोकसंख्येत आपला भारत चीनच्या मागे नाही. माणसे पुष्कळ असणे निराळे आणि खेळणारी माणसे पुष्कळ असणे निराळे. ह्यातील भेद २०२४ च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियातील बुसान येथे स्पष्ट दिसला. जागतिक सांघिक सामन्यांत भारताच्या मुली चीनशी खेळल्या. अयहिका मुखर्जी हिने जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या सुन यिंगशा हिला हरविले. श्रीजा अकुला हिने वांग यिदी हिला हरविले. पाच सामन्यांपैकी दोन भारताचे झाले, आणि सारे प्रेक्षक थक्क झाले. परंतु उरलेले तिन्ही चीनने जिंकले व लढत ३-२ अशी घेतली. आपल्या मुलींचा पराक्रम मोठाच होता. चीनची पहिली खेळाडू पडली तरी चीन पडला नाही, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी पॅरिस येथे चीनचा अग्रगण्य वांग चुचिन आरंभीच्याच फेरीत स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डकडून हरला; तरी अंतिम सामन्यात त्याच मोरेगार्डला हरवून सुवर्णपदक नेले ते फान झेनडोंग ह्या दुसऱ्या चिनी खेळाडूने.

चीनच्या फळीतील कित्येकांस स्वदेशाच्या संघात जागा मिळत नाही, म्हणून ते परदेशी जाऊन खेळतात. २०१० साली मॉस्को येथे सिंगापूरच्या मुलींनी जागतिक अंतिम सामन्यात चीनला हरविले; त्या विजयी संघातील तिन्ही खेळाडू चीनमध्येच जन्मलेल्या होत्या. पुढे २०१८ च्या राष्ट्रकुल सामन्यांत भारतीय मुलींनी सिंगापूरचा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. त्या संघात ठाण्याची मधुरिका पाटकर होती, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे.

मात्र नुसती संख्या पुरत नाही. १९८९ साली डॉर्टमुंड येथे स्वीडनने चीनच्या पुरुषसंघास ५-० असे हरविले आणि नंतरची काही वर्षे चीनचा पुरुषसंघ मागेच राहिला. खेळाडू पुष्कळ होते. परंतु सारे जुन्याच पद्धतीत घोटले गेले होते आणि युरोपने मधल्या काळात नवी पद्धत सिद्ध केली होती. चीनने ते मान्य केले, नव्या पद्धतीचे खेळाडू तयार केले, आणि १९९५ साली तिआनजिन येथे सातही अजिंक्यपदे परत मिळविली. पराभवातून शिकण्याची तयारी नसेल तर मोठी फळीही मोठी गर्दीच ठरते.

दूरच्या देशाचे हे वर्णन वाचून, आपल्याकडे असे कधी झालेच नाही, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या क्रिकेट संघाने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला. मुंबईचे नामांकित खेळाडू भारताच्या संघातून खेळावयास गेले असता त्यांच्या जागी दुसरे उभे राहत आणि मुंबई जिंकतच राही. हे बळ आले कोठून? शाळाशाळांतील हॅरिस व गाइल्स ढालींच्या सामन्यांतून, मैदानांवरील क्लबांतून, आणि १९४८ पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमधून. पंधरावे विजेतेपद मिळवून देणारे गोलंदाज पद्माकर शिवलकर ह्यांनी मद्रास येथील त्या अंतिम सामन्यात १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ गडी बाद केले. आयुष्यात त्यांनी प्रथम श्रेणीचे ५८९ बळी मिळविले. परंतु बिशनसिंग बेदी ह्यांच्यासारखा डावरा फिरकी गोलंदाज त्याच काळात असल्यामुळे भारतातर्फे कसोटी सामना खेळण्याचा योग त्यांस कधी आला नाही.

आणखी एक उदाहरण घ्या. १९८८ साली हॅरिस ढालीच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी ह्यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. त्यानंतर फलंदाजीस जावयाचा अमोल मुजुमदार पॅड बांधून बसून राहिला. त्याची पाळी आलीच नाही. पुढे त्यांनी रणजी सामन्यांतील आपल्या पदार्पणातच २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा केल्या, तरी भारताच्या संघाचे दार त्यांस उघडले नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक हेच अमोल मुजुमदार होते.

ह्या विषयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती न सांगता आम्ही थांबलो तर आमचा धडा अपुरा राहील. दुसऱ्या फळीच्या जोरावर मोठा होणारा संघ त्या फळीतील माणसांस कसे वागवितो, हा प्रश्न उरतोच. चीनच्या संघात अधिकाऱ्यांच्या आज्ञेने एका खेळाडूने दुसऱ्यासाठी सामना सोडून देण्याची प्रथा दीर्घकाळ होती. १९८७ साली आपल्या दिल्लीतच जागतिक सामने झाले. त्या वेळी हे झिली ह्या चिनी मुलीस, उपान्त्य सामना आपल्याच देशाच्या ग्वान ज्यानह्वा हिला द्यावा, अशी सूचना होती. तिने ती मानली नाही. ती तो सामना जिंकली, अंतिम सामनाही जिंकली आणि जगज्जेती झाली. परंतु पुढील वर्षीच्या ऑलिंपिक संघातून तिला वगळण्यात आले. ती जपानला गेली, आणि १९९४ साली हिरोशिमा येथील आशियाई सामन्यांत चिरे कोयामा ह्या नावाने, जपानतर्फे, तिने चीनच्या डेंग यापिंग हिला हरवून सुवर्णपदक घेतले. मनुष्य संघासाठी आनंदाने झिजतो. त्यास शिडीची पायरी समजून वापरले, तर तो दुखावल्यावाचून राहत नाही. स्वेच्छेने केलेली सेवा आणि लादलेला त्याग ह्यांत फार अंतर आहे.

तर विद्यार्थीमित्रहो, ह्यावरून आपण काय घ्यावे? शाळेच्या संघात ज्यांची निवड होते त्यांनी ध्यानात ठेवावे, की त्यांचा प्रत्येक चांगला फटका कोणीतरी समोरून चेंडू टाकला म्हणून सुधारला आहे. ज्यांची निवड होत नाही त्यांनी मैदान सोडू नये. संघाचे बळ त्यांच्यावरच मोजले जाते, आणि पाळी केव्हा येईल हे कोणास ठाऊक असते? आम्हां शिक्षकांवरही एक जबाबदारी येते. चार हुशार मुलांवर सारा वेळ खर्च करून बक्षीस आणणे सोपे असते. चाळीस मुलांच्या हाती बॅट देणे कष्टाचे असते. पहिल्या मार्गाने एखादे वर्ष गाजते, दुसऱ्याने शाळा घडते. हे वर्गातील अभ्यासासही तितकेच लागू आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच, की मुलगा किंवा मुलगी खेळून घरी आली म्हणजे ‘जिंकलास का?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारू नये. ‘आज कोणाबरोबर खेळलास, आणि त्याला काय शिकविलेस?’ असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोघांपैकी एकालाच आनंदाने देता येते. दुसऱ्याचे दोघांनाही देता येईल.