दिवाळीआधी रंग लावावा का?

प्रश्न : दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही घर रंगवतो आणि वर्षाच्या आत त्याच भिंतीला पोपडे धरतात. चांगला रंग वापरूनही असं का होतं? आणि पावसाळ्यानंतर अंगणातल्या कुंड्यांची काय काळजी घ्यावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोष बहुधा रंगाचा नसतो, घाईचा असतो. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. चार महिने विटा आणि गिलाव्याने पाणी पिऊन ठेवलेलं असतं. ऑक्टोबरच्या उन्हात ते बाहेर पडू लागतं आणि सोबत विरघळलेले क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं. क्षारांचे स्फटिक मात्र रंगाखाली साठतात आणि त्याला आतून ढकलतात. भिंतीला लोणा लागतो तो असा.

म्हणून रंगाऱ्याला बोलावण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा पारदर्शक कागद भिंतीवर लावा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि एक दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं, तर भिंत अजून ओली आहे. बाहेरच्या बाजूला धरलं, तर दमटपणा खोलीतल्या हवेत आहे.

ओल असेल तर आधी तिचं मूळ शोधा : गच्चीच्या कठड्याची भेग, गळका पाइप, पलीकडचं न्हाणीघर. मूळ तसंच ठेवून वर पुट्टी भरली, तर पैसे वाया जातात. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडून काढा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. काळी बुरशी मात्र कोरडी खरवडू नका, तिचे कण हवेत उडतात. नाकाला फडकं बांधून ती ओल्या कापडाने पुसा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि दुपारी खिडक्या उघड्या ठेवा. ऑक्टोबरचं ऊन अंगाला नकोसं वाटतं, पण घर वाळवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

कुंड्यांमधली माती पावसाने दबून घट्ट होते, वर शेवाळ धरतं आणि खताचा अंश वाहून जातो. वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी करा आणि मूठ-दोन मूठ कंपोस्ट मिसळा. गळलेली पानं जाळू नका. त्यांचंच उत्तम खत होतं. कुंडीखालच्या बशा आठवड्यातून एकदा नुसत्या ओतून चालत नाही, आतून घासाव्या लागतात. डेंग्यू पसरवणारा डास पाण्याच्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यातही अनेक महिने तग धरतात.

दिवाळी लवकर आली असेल, तर कोरड्या खोल्या खुशाल रंगवा. ओली भिंत जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत राहू द्या. सणाला ती थोडी जुनी दिसेल, पण नंतर लावलेला रंग टिकेल.