नव्या जमिनीतील सोयाबीनला जिवाणू संवर्धनाची जोड

बिरवाडी, महाड, पोलादपूर या पट्ट्यात भात निघाल्यावर वाल आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहोत. वालाच्या मुळांवर गाठी येतात, त्यासाठी विकतचे काही आणावे लागत नाही. त्याचा जिवाणू जमिनीत पूर्वीपासूनच आहे. सोयाबीनचे तसे नाही. वालाचा जिवाणू सोयाबीनच्या मुळावर सहसा नीट काम करीत नाही. त्याला लागतो ब्रॅडीरायझोबियम जापोनिकम, आणि जेथे सोयाबीन कधी पेरलेच नाही तेथे तो असण्याची शक्यता फार कमी. म्हणून नाचणी-वरीच्या वरकस जमिनीत प्रथमच सोयाबीन घेणार असाल, तर बीजप्रक्रिया चुकवू नका. हवेत ७८ टक्के नत्र असूनही पिकाला तो थेट घेता येत नाही. गाठीतील जिवाणू तो पिकाला मिळवून देतात आणि गाठी चांगल्या असल्यास पिकाची निम्मी गरज त्यातून भागू शकते.

पाकीट घेताना त्यावर ‘सोयाबीन’ हे पिकाचे नाव व अंतिम तारीख पाहा. हरभऱ्याचे संवर्धन येथे चालत नाही. पाकिटात सजीव माल आहे, तो उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन पुरते. एकरी ३० किलो बियाण्यास तीन पाकिटे. गुळाचे पाणी उकळून पूर्ण थंड करावे व त्यात संवर्धन कालवावे. पाणी बेतानेच वापरा. सोयाबीनची साल पातळ असते, जास्त भिजली वा जोराने चोळली की सुटते आणि उगवण घटते. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, जिवाणू शेवटी.

आपली जांभी जमीन आम्लधर्मी आहे. ओलसर प्रक्रिया केलेल्या बियाण्यावर चुनखडीची बारीक भुकटी चढविल्यास जिवाणूंना संरक्षण मिळते. मात्र भाजलेला, पानाला लावतो तो चुना वापरू नये. त्याने जिवाणूच मरतात. शेतात पाणी साचले तरी गाठींना हवा मिळत नाही. आपल्याकडचा पाऊस पाहता उताराच्या दिशेने चर काढल्याशिवाय सोयाबीन पेरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी चार-पाच झाडे मातीसकट खणून काढा. उपटू नका, गाठी जमिनीतच राहतात. मुळे धुऊन गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी किंवा लालसर असतील तर काम चालू आहे. पांढऱ्या किंवा हिरवट गाठी निकामी समजाव्यात. पाने पिवळी दिसताच युरियाचे पोते फोडण्याची घाई अनेकजण करतात. आधी मुळे पाहावीत, कारण जादा नत्र मिळाले की झाड गाठी करण्याचे टाळते. गाठी मुळीच नसतील व साचलेले पाणीही काढून दिलेले असेल, तरच सहायक कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने नत्राचा हप्ता द्यावा आणि पुढील हंगामात नवे संवर्धन वापरावे.