शालेय निसर्गमंडळाचे वर्ष : घोरावाडी परिसराच्या निमित्ताने

प्राथमिक शाळांतून निसर्गमंडळे स्थापन होतात, तेव्हा त्यांच्या कार्याचा आरंभ बहुधा आषाढातील वृक्षारोपणाने होतो आणि पुष्कळदा शेवटही तेथेच होतो. पुढील वर्षी त्याच खड्ड्यांतून नवी रोपे लावली जातात. गेल्या वर्षीच्या रोपांचे काय झाले, हा प्रश्न मुलांच्या मनात येतोच; परंतु तो विचारावयाचा नसतो, हेही ती न सांगता शिकतात. रोप मेले तर दुसरे लावता येते. मोजण्याचे टाळावे, ही शिकवण मात्र एकदा मुलाच्या अंगवळणी पडली की ती पुसणे शिक्षकाच्या हाती राहत नाही.

वनमहोत्सवाची प्रथा केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० मध्ये सुरू केली. राष्ट्रीय हरित सेनेची योजना २००१-०२ मध्ये आली व महाराष्ट्रात ती सामाजिक वनीकरण विभागामार्फत शाळांपर्यंत पोहोचली. एका मंडळात ३० ते ५० विद्यार्थी असावेत, अशी त्या योजनेची कल्पना होती. या संख्येत शहाणपण आहे. एवढ्या मुलांस प्रत्येकी एक रोप नेमून देता येते व त्याचा हिशेब ठेवता येतो. पाचशे रोपांचा कार्यक्रम फलकावर शोभतो खरा, परंतु पाचशे रोपांना फाल्गुनात पाणी कोण घालणार, हे फलकावर लिहिलेले नसते.

कामाची आखणी स्थळ पाहून करावी. पुणे-लोणावळा लोहमार्गावर तळेगावच्या अलीकडे घोरावाडी हे लहानसे स्थानक आहे. याच भागात, जुन्या पुणे-मुंबई रस्त्यालगत, घोरवडेश्वराची टेकडी आहे. तिच्यात कोरलेली प्राचीन बौद्ध लेणी आहेत, पुढे तेथे शिवाचे स्थान झाले, आणि तुकाराम महाराजांच्या एकांतवासाच्या डोंगरांत भंडारा व भामचंद्र यांच्याबरोबर हिचेही नाव परंपरेने घेतले जाते. लेण्यांपाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. प्राचीन शिलालेखांतून अशा टाक्यांस 'पोढी' म्हटलेले आढळते. काळ्या कातळावरून पावसाचे पाणी वाहून जाते, ते अडवावे लागते, हे ज्ञान या डोंगरास दोन हजार वर्षांचे आहे, असे मुलांस तेथेच उभे करून सांगावे. टेकडीच्या उत्तरेस इंद्रायणीचे खोरे आहे, दक्षिणेस पवनेचे. इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते. पवना मुळेत, मुळा मुठेत आणि मुळा-मुठा पुढे भीमेतच जाते. माथ्यावर शेजारी पडलेले दोन थेंब वेगवेगळ्या वाटांनी जाऊन पुन्हा एकाच नदीत येतात, हे नकाशावर बोटाने गिरवावयास लावले, तर भूगोलाचा एक पाठ सहज होतो.

लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यास सातशेच्या आसपास. आणि दोहोंमधील लोहमार्गाचे अंतर अवघे ६४ किलोमीटर आहे. घोरावाडी या मधल्या पट्ट्यात येते. म्हणून घाटमाथ्यावर वाढणारे प्रत्येक झाड येथे तग धरील, असे गृहीत धरू नये. करंज, बहावा, पळस, आपटा, जांभूळ, उंबर ही येथल्या मातीस ओळखीची झाडे. उंदीरमारी व सुबाभूळ झपाट्याने वाढतात, त्यामुळे आकडे चांगले दिसतात. पण ती परदेशांतून आलेली झाडे आहेत व मंडळाने त्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही.

आपल्या गावी पाऊस किती पडतो, हे मंडळाने स्वतः मोजावे. सरळ बाजूंचा, तोंड व बूड सारख्याच व्यासाचे असलेला डबा उघड्या जागी ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेस, त्यातील पाण्याची खोली पट्टीने मोजावी व डबा रिकामा करावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर ५० चौरस मीटर असेल, तर १० मिलिमीटरच्या एका सरीने त्यावर ५०० लिटर पाणी पडते. हे गणित मुलांस स्वतःच करू द्यावे. उत्तर आल्यावर ती आपणहून पन्हळीकडे पाहू लागतात.

बियांचे काम उन्हाळ्यात. बहाव्याच्या बियांचे कवच कठीण असते, त्या गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्याव्यात. जांभळाचे बी मात्र फार दिवस टिकत नाही. फळ खाल्ल्यावर त्याच आठवड्यात पिशवीत लावावे. ही रोपे पुढील वर्षासाठी. लागवडीचे खड्डे पावसापूर्वीच खणून ठेवावेत, आणि जागा वनखात्याची असल्यास अनुमती आधी घ्यावी. भाद्रपदात तेरडा व सोनकी फुलली की एक सहल काढावी. दसऱ्यास आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, त्याविषयी दोन शब्द बोलावेत. ५ ते १२ नोव्हेंबर या पक्षी सप्ताहात आवारातील पक्ष्यांची यादी करावी. सप्ताहाचा शेवटचा दिवस हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस होय.

खरे काम दिवाळीनंतरचे. टेकडीवरील गवत वाळते आणि माघ-फाल्गुनात वणवे लागतात. गवत जाळले म्हणजे पुढच्या वर्षी ते अधिक जोमाने येते, असा समज पुष्कळ ठिकाणी आहे; त्यापायी गवताबरोबर कोवळी रोपेही जळतात. रोपाभोवतीचे गवत हातभर अंतरापर्यंत मार्गशीर्षातच काढून टाकावे; पालापाचोळ्याचे आच्छादन घालावयाचे असेल, तर ते आवारातील रोपांनाच घालावे. वणवा लागल्यास मुलांस तिकडे कदापि पाठवू नये. त्यांचे काम घरी व पारावर बोलण्याचे आहे, आणि मुलाने घरी सांगितलेले कधी कधी परिपत्रकाहून अधिक मानले जाते.

पाण्याचा हिशेब असा. चाळीस रोपांना आठवड्यास प्रत्येकी पाच लिटर म्हणजे दोनशे लिटर लागतात. शालेय पोषण आहारानंतर साठ मुलांनी साबणाशिवाय ताटे विसळली व प्रत्येकी अर्धा लिटर पाणी रोपास दिले, तर दिवसाला ३० लिटर व सहा दिवसांत १८० लिटर होतात. उरलेली तूट मुलांच्या बाटल्यांतील शिल्लक पाण्याने भरून निघते. अडचण येते ती मे महिन्यात. पाण्याची निकड सर्वांत अधिक आणि शाळा बंद! म्हणून टेकडीवर थोडी व शाळेच्या आवारात किंवा मुलांच्या घरांजवळ अधिक रोपे लावावीत. मडक्याच्या बुडाला छिद्र पाडून त्यात सुती वात बसवावी व मडके रोपाशेजारी पुरावे. म्हणजे पाणी रोज घालावे लागत नाही. सुट्टीत मामाच्या गावी जाणाऱ्या मुलाने आपले रोप कोणाकडे सोपविले, ते नाव वहीत लिहून जावे.

ही वही हेच मंडळाचे मुख्य साधन. रोपाचा क्रमांक, जात, लावल्याची तारीख, दर महिन्याची उंची, आणि मेले असल्यास कारण : गुरांनी खाल्ले, वणवा, वाळवी, पाण्यावाचून, कारण कळले नाही. हा शेवटचा पर्याय अवश्य असावा, अन्यथा मुले काहीतरी कारण रचतात. मेलेल्या रोपाचा क्रमांक नव्या रोपास देऊ नये. चाळीसांपैकी सव्वीस जगली, तर शेकडा ६५, असे फळ्यावर स्पष्ट लिहावे. तपासणीस येणाऱ्यांनीही मृत रोपांची नोंद पाहून नाराज होऊ नये. ज्या वहीत एकही रोप मेलेले नाही, ती अधिक बारकाईने पाहावी.

जूनच्या मध्यास शाळा उघडते, त्या पहिल्याच आठवड्यात मंडळाने वही घेऊन प्रत्येक रोपापाशी जावे. पहिलीत नव्याने आलेली मुले बरोबर न्यावीत. वाचलेल्या रोपांची उंची मोजावी, मेलेल्यांची कारणे मोठ्याने वाचावीत, आणि शाळा सोडून गेलेल्या मुलांची रोपे यापुढे कोणाची, ते तेथेच उभे राहून ठरवावे. नवे खड्डे किती हवेत, हे त्यानंतर मोजावे.