गजर लावणे आणि त्याची वाट पाहणे

संगणकाच्या प्रोसेसरला काळाची उपजत जाणीव नसते. एकामागून एक आज्ञा पार पाडणे एवढेच त्याला ठाऊक असते. किती वेळ लोटला, हे त्याला बाहेरून सांगावे लागते. युनिक्स ही प्रणाली ज्या पीडीपी-११ यंत्रांवर वाढीस लागली, त्यांतील घड्याळ वीजपुरवठ्याच्या आवर्तनांवर चालत असे. अमेरिकेत ही आवर्तने सेकंदाला ६० असल्याने घड्याळाचे ठोकेही तितकेच पडत. प्रत्येक ठोक्यासरशी प्रोसेसर हातातील काम क्षणभर बाजूला ठेवी आणि प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे वळे. कोणाची मुदत संपली आहे, याचा हिशेब कर्नल ठेवीत असे.

डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७२ च्या सुमारास घडविलेल्या ‘सी’ भाषेत काळासाठी स्वतंत्र अशी रचना नाही. आज्ञावलीला गजर हवा असेल तर तो कर्नलकडेच मागावा लागतो. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील युनिक्समध्ये यासाठी ‘अलार्म’ हे फंक्शन होते. त्याला सेकंदांची संख्या द्यावयाची; मुदत भरताच कर्नल त्या प्रोसेसला ‘सिगअलार्म’ नावाचा संकेत पाठवितो. एका प्रोसेसला असा एकच गजर मिळतो. दुसरा लावला की पहिला रद्द होतो, आणि शून्य दिले की लावलेला गजर उतरतो. संकेत आल्यावर काय करावयाचे, हे आधी सांगून ठेवले नसेल तर मात्र प्रोसेसच संपुष्टात येते. झोपलेल्याला उठविण्याऐवजी त्याचा प्राण घेणारे हे घड्याळ आहे, असे थट्टेने म्हणता येईल.

सोय साधी दिसते. परंतु तिच्यातील खरी अडचण गजर लावण्यात नसून त्याची वाट पाहण्यात आहे. समजा, एका आज्ञावलीला पाच सेकंद थांबावयाचे आहे. तिच्यात दोन ओळी आहेत: पहिली पाच सेकंदांचा गजर लावते, दुसरी ‘पॉज’ या फंक्शनने संकेत येईपर्यंत स्वस्थ बसते. वाचताना यात काहीच खटकत नाही. तथापि एकाच यंत्रावर अनेक प्रोसेस पाळीपाळीने चालत असतात, आणि पाळी कोठे तुटेल याचा नेम नसतो. ती नेमकी या दोन ओळींच्या मध्ये तुटली, यंत्रावर कामाची गर्दी असल्याने पुढची पाळी सहा सेकंदांनी आली, तर काय होईल? गजर मधल्या काळातच वाजून गेलेला असतो. प्रोसेस पुन्हा सुरू होताच संकेताची दखल घेतली जाते. त्यानंतर दुसरी ओळ येते आणि प्रोसेस वाट पाहू लागते. ज्याची वाट पाहावयाची ते आता होऊन गेलेले आहे. दुसरा कोणताही संकेत आला नाही तर ही प्रोसेस कायमची झोपते.

हा दोष हजार वेळा चालवून एकदाही दिसणार नाही. तपासणीच्या वेळी तर नाहीच, कारण तेव्हा यंत्र बहुधा मोकळे असते. रात्रभर कोणाच्या देखरेखीविना चालणाऱ्या कामात तो प्रकट होतो, आणि सकाळी पाहणाऱ्याला कसलीही चूक न नोंदविता थांबलेली आज्ञावली तेवढी दिसते. यावर उपाय म्हणून मुदत वाढविणे हा निव्वळ भाबडेपणा होय. त्याने दोष विरळ होतो, नाहीसा होत नाही. खरा उपाय असा, की गजर लावण्यापूर्वीच संकेत अडवून धरावा, आणि अडसर काढणे व वाट पाहणे या दोन्ही क्रिया कर्नलने एकसंधपणे कराव्यात. १९८८ च्या पॉझिक्स मानकातील ‘सिगसस्पेंड’ नेमके हेच करते.

वाचन करताना मुदत घालावयाची असेल तर गुंता वाढतो. लिनक्सवरील ‘लॉगिन’ साधारणतः ६० सेकंद वाट पाहून संपर्क तोडते, तशा प्रकारचे हे काम. जुन्या युनिक्समध्ये गजर वाजला की अर्धवट राहिलेले वाचन ‘खंडित’ म्हणून परत येई, आणि आज्ञावलीला मुदत संपल्याचे कळे. १९८३ च्या ४.२ बीएसडी प्रणालीने खंडित वाचन आपोआप पुन्हा सुरू करण्याची व्यवस्था केली. पुष्कळांची त्यामुळे सोय झाली. पण ज्यांना वाचन तोडावयाचे होते, त्यांचा गजर वाजूनही वाचन चालूच राहू लागले. पुढील ४.३ बीएसडीमध्ये ही व्यवस्था बंद करण्याची मुभा द्यावी लागली.

संकेताची दखल घेणाऱ्या फंक्शनमध्ये काय लिहावे, हाही नाजूक प्रश्न आहे. स्मृतीचे वाटप करणारे फंक्शन आपल्या याद्या अर्ध्यामुर्ध्या बदलून बसलेले असताना गजर वाजला, आणि दखल घेणाऱ्यानेही स्मृती मागितली, तर त्या याद्यांचा विचका होतो. म्हणून तेथे केवळ एक खूण करून परतावे, आणि उरलेले काम मुख्य आज्ञावलीने ती खूण पाहून सवडीने करावे, हे उत्तम.

लिनक्समध्ये २००८ साली ‘टायमरएफडी’ आले, त्यात संकेताचा मार्गच सोडून दिलेला आहे. येथे गजर म्हणजे फाइलप्रमाणे वाचावयाची वस्तू असते. वाचावयास उशीर झाला तरी ती वस्तू हरवत नाही. मागील वाचनानंतर गजर किती वेळा वाजून गेला, तो आकडाच वाचणाऱ्याच्या हाती पडतो.